तिचा कागद मी बदलला

आष्ट्याच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवायची. माझी मुलगी त्याच वर्गात होती. गावात दुसरी शाळा नव्हती, आणि तिचे पप्पा फौजेत. शाळेच्या फाटकातून आत आलं की तिनं मला मम्मी म्हणायचं नाही, इतर मुलांसारखं ‘बाई’ म्हणायचं, हा नियम मीच घातला होता. तो तिनं एकदाही मोडला नाही.

ती अडखळत बोलायची. म आणि ब तर तिच्या ओठांत अडकूनच बसत. म्हणजे घरी मला हाक मारतानाही ती अडायची आणि शाळेतही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं तर ‘लाजाळू आहे जरा’ एवढंच सांगत आले.

रोज सकाळी परिपाठाला पाच-पाच मुलं पुढं येत. कुणी सुविचार सांगे, कुणी दिनविशेष, कुणी गोष्ट. हजेरीच्या क्रमानं पाळी लागायची. तिचा नंबर अकरावा. दहावा झाला की मी बारावा पुकारायची.

“आवं बाई, आकरा ऱ्हायला की,” एकानं एकदा विचारलंच.

“तिचा घसा बसलाय.”

“दर पाळीला बसतुया व्हय?”

पोरं हसली. तीही हसली. मला बरं वाटलं, की हिला काही लागलं नाही.

त्या वर्षी जतकडचा एक मुलगा वर्गात आला. त्याचा बाप गावातल्या एका गोठ्यावर कामाला होता. घरी ते कन्नड बोलत. हा गणितं करताना ओठांतल्या ओठांत वंदू, येरडू मोजायचा आणि बाकीची पोरं त्याची नक्कल करायची. मी त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, आज हे गुरुजी, आपण सगळे शिकायचं. दुपारपर्यंत अख्खा वर्ग कन्नडमध्ये दहापर्यंत मोजायला लागला. घरी जाताना त्या पोराची मान ताठ होती.

त्यातून पुढची गोष्ट सुचली. दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधली आणि मुलांना सांगितलं, तुझ्यात इतरांपेक्षा वेगळं काय आहे ते कागदावर लिही आणि कपड्याच्या चिमट्यानं इथं अडकव. मुलांनी लिहिलं तसंच ठेवलं, मी काही सुधारलं नाही. ‘माझ्या पायाला सा बोटं हायत.’ ‘आमच्यात गणपती बसत न्हाई. आमी विहारात जातो.’ ‘मला भाकरी थापाय येती.’ जतच्या मुलानं लिहिलं होतं, ‘मला मेंढराचं दूध आवडतं.’

माझ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘मी थांबून थांबून बोलते. पण माझी गोष्ट लांब असते.’

तिनं तो स्वतः अडकवला. सहा बोटांच्या पोरानं मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, “मग तुझी गोष्ट सुट्टीपत्तूर चालंल की गं.” ती म्हणाली, “च-चालू दे की.” वर्ग हसला. त्या हसण्यात तिला कुणी हसत नव्हतं. सात वर्षांच्या पोरांना जे कळायचं होतं ते कळून गेलं होतं. माझं तेवढं राहिलं होतं.

महिन्याभरात आमच्या शाळेत शिक्षण परिषद ठरली. आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे शिक्षक येणार होते. या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना सुतळीचं फार कौतुक. प्रत्येक मुलानं आपापला कागद वाचून दाखवायचा, असं त्यांनी सुचवलं. येणाऱ्यांत माझ्याबरोबर डी.एड. झालेल्या दोघी-तिघी होत्या.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला नळावर हातपाय धुवायला पाठवलं आणि तिचा कागद मी काढला. दुसऱ्या कागदावर ‘माझं अक्षर सुंदर आहे’ असं लिहिलं. तिच्या अक्षरासारखं यावं म्हणून दोनदा लिहिलं. लोक तिला हसतील, तिच्या जिवाला लागेल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं ते नव्हतं. ‘बाईंचीच पोरगी तोतरी’ असं मागच्या बाकावर कुणी कुजबुजेल, ते मला नको होतं. लाज माझी होती. ती मी तिच्या नावावर खपवली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी एकेक करून वाचलं. सहा बोटांचा तर चप्पल काढून पाय दाखवून आला. मग ती उठली, सुतळीपाशी गेली आणि कागदाकडं बघत उभी राहिली. अडली असं समजून मीच पुढं होऊन वाचलं, “हिचं अक्षर सुंदर आहे.” टाळ्या पडल्या.

खाली बसलेला जतचा मुलगा म्हणाला, “बाई, ह्यो तिचा कागुद न्हाई.”

“खाली बघ,” मी म्हटलं.

घरी तिनं काही विचारलं नाही. जेवताना मीच म्हटलं, “उद्या तुझा लावू हं परत.” तिनं मान हलवली, नको म्हणून. पुढच्या परिपाठाला मी अकरावा नंबर पुकारला. ती जागेवरून उठली नाही. त्यानंतर दहावी होईपर्यंत ती कुठल्याच वर्गात पुढं जाऊन बोलली नाही. पाचवीत तिनं मला आई म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं, मोठी झाली. तो शब्द अडत नाही म्हणून निवडलाय, हे कळायला मला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते.

आणि मी ती सुतळी घेऊन गावोगाव फिरले. सांगलीत बोलले, साताऱ्यात बोलले. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्या वेगळेपणाचा मान राखायला लहानपणीच शिकवा, म्हणाले. शाल मिळाली, नारळ मिळाला. मी खोटं बोलत नव्हते. मला ते मनापासून पटत होतं. कबूल करायला सगळ्यात अवघड हेच आहे.

ती आता साताऱ्यात शिकते, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मागच्या महिन्यात न कळवता गेले. जिना चढताना तिचा आवाज ऐकू आला. महाबळेश्वरला गेल्या होत्या त्याची गोष्ट सांगत होती. टॅक्सीवाला धुक्यात वाट चुकला आणि ह्यांनाच विचारायला लागला, असं काहीतरी. दर वाक्याला अडत होती. म वर तर इतकी अडली की मी जिन्यात माझा श्वास रोखला. एक मैत्रीण शब्द पुरवायला गेली तर दुसरी म्हणाली, “गप की गं, सांगतीय ती.” आणि ती सांगत राहिली. दहा मिनिटं तरी झाली असतील. माझ्या मुलीची एवढी लांब गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती.

दार वाजवलं.

“आलीस? ये. चहा घेणार?” ती म्हणाली. सगळं सरळ, कुठं अडलं नाही.

मैत्रिणी दूध आणायला खाली गेल्या तेव्हा मी तिला कागदाचं सांगितलं. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत तिनं ऐकून घेतलं.

“तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. पुढचा कपडा उचलत म्हणाली, “तू येणार असलीस की काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवते. अडणार नाही तेवढंच. लय थकायला होतं गं.”

“अडलीस तर अड. मी थांबेन.”

तिनं हातातला टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा त्याची घडी केली. “आता नाही होत, आई. तुझ्यापुढं नाही होत.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मैत्रिणी वर आल्या. दुधाची पिशवी ठेवता ठेवता एक म्हणाली, “हं, मग त्या टॅक्सीवाल्याचं काय झालं पुढं?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “नंतर सांगते.”

मी चहा घेतला, पर्स उचलली आणि पाचची एसटी आहे म्हणाले. पाचला एसटी नव्हती. दार ओढून घेतलं आणि जिन्यात न थांबता खाली उतरले.