पत्र असेल त्यालाच बातमी

आमचे बाबा गेले ते नेमके साथीच्या दिवसांत, पाचच्या वर माणसं जमवणं हा गुन्हा ठरला त्याच आठवड्यात. नातेवाइकांना केवढा तो दिलासा. एरवी ज्यांना बाबांचा जिना चढणं जिवावर यायचं, ते सगळे फोनवर हळहळले, की काय करणार, नियम आहेत, नाहीतर धावत आलो असतो. मीही त्यांच्यातलीच. आमच्या दोन शहरांमधला रस्ता बंद होता हे खरं. तो उघडा होता तेव्हा मी दोन वर्षांत एकदाच गेले होते, हेही खरं.

तेव्हा सगळं निस्तरायला उरला एकटा दादा. दादा पोस्टमन. लग्न केलं नाही, बाबांबरोबरच राहिला.

बाबा कुलूप-किल्लीवाले होते. पंचेचाळीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी एवढंसं दुकान. कुठलंही कुलूप न फोडता उघडायचे आणि ते उघडेपर्यंत गिऱ्हाइकाची अक्कल काढायचे. कुलूप फोडणाऱ्याला ते कारागीर नव्हे, दरोडेखोर म्हणत. दादाला त्यांनी धंदा शिकवायला घेतलं आणि चौथ्या दिवशी दादाने पोस्टाचा अर्ज भरला. त्यानंतर तीस वर्षं दोघे एका घरात राहिले आणि रोज रात्री जेवताना भांडले. एकाही दिवशी खाडा नाही.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी दादाला कामावर बोलावणं आलं. टपाल ही अत्यावश्यक सेवा होती. दुःखाचं नाव त्या यादीत नव्हतं.

दादाने विचार केला, लोक आपल्याकडे येऊ शकत नाहीत, पण आपण तर रोज दीडशे दारांत जातोच. तिथेच सांगू. कल्पना चांगली होती. फक्त तीस वर्षांची सवय आडवी आली. ज्याच्या नावाचं टपाल असेल त्याचंच दार वाजवायचं, हा त्याचा नियम. त्यामुळे ज्याचं विजेचं बिल आलं त्याला बिलाबरोबर बाबा गेल्याचं कळलं, आणि ज्याचं काहीच आलं नाही तो कोरडा राहिला. एका गृहस्थांनी तर बातमी ऐकून सवयीने पेनासाठी हात पुढे केला आणि सही कुठे करायची ते विचारलं. दुसरे एक जण रुसले, की शेजाऱ्याला सांगितलंस, मग मला का नाही. दादाने त्यांना अगदी सरळपणे सांगितलं, की तुमचं काही आलं नव्हतं.

आणि लोक बोलत तरी काय होते. मास्क सावरत, दार अर्धं लोटून, तोंड भरून बोलत होते. देवमाणूस. शांत स्वभाव. कुणाला कधी शब्दाने दुखावलं नाही. काही लागलं तर हक्काने सांग, असं म्हणून आतून कडी घालत होते.

आठव्या दिवशी दादाचा मला फोन आला.

"अगं, मला रडूच येत नाही," तो म्हणाला. "हे लोक कुणाबद्दल बोलतात तेच कळत नाही. असं वाटतं, दुसऱ्याच कुणाचे तरी वडील गेले, आणि मी उगाच सुतकी चेहरा करून फिरतोय."

मी त्याला झोप घे म्हणाले. लांबून सल्ला देण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कुणी नाही. पण मी घाबरले होते. दादा माझ्यासारखा नाही, त्याला खोटं रडता येत नाही. खरं रडणं असंच आत राहिलं तर हा माणूस आतल्या आत कुजेल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या इमारतीतल्या गणिताच्या बाईंचं रजिस्टर पत्र आलं. बाई निवृत्त, एकट्या, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. महिनाभर त्यांचं टपाल नव्हतं, म्हणून त्यांना बातमीही नव्हती. दादाने सहीचा कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि सहा फूट मागे सरकला. बाई बाहेर आल्या, सही केली. मग दादाने सांगितलं. बाईंचा दाराला धरलेला हात सुटला आणि मागे लॅच लागलं. किल्ली आत.

बाईंचं हे वर्षातून चारदा तरी व्हायचं. त्या सवयीने म्हणाल्या, "जा रे, तुझ्या बाबांना जरा..."

आणि थांबल्या. पायरीवर बसल्या.

"खडूस होता तुझा बाप," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मला म्हणाला, चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंत आणि तुम्हाला एक किल्ली सांभाळता येत नाही. महिनाभर बोलले नाही मी त्याच्याशी."

आवाज ऐकून वरची दारं उघडली, खालची उघडली. नियम कुणी मोडला नाही, जो तो आपापल्या उंबरठ्यातच होता. बाईंनी तोंड उघडल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. वरच्या माणसाला बाबांनी त्याच्या बायकोदेखत गाढव म्हटलं होतं. खालच्या बाईने कुलपात खायचं तेल घातलं, म्हणून तिला अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. परवाच देवमाणूस म्हणालेले एक जण आता हिरिरीने सांगत होते, की मी तर त्याला घाबरून एक गल्ली सोडून जायचो. जिना दणाणून गेला. पिशवी खांद्याला लावून दादा ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला, "बाबाच ते."

पण दार बंदच होतं. बाकीची किल्लीवाल्यांची दुकानंही बंद. तळमजल्यावरचा सुतार हातोडी आणि पटाशी घेऊन आला. दादाने त्याला थांबवलं आणि स्वतः तार घेऊन खाली वाकला. तीस वर्षांपूर्वीचं तीन दिवसांचं शिक्षण. पंधरा मिनिटं खटपट केली, घामाघूम झाला, लॅच ढिम्म हललं नाही. शेवटी तो बाजूला झाला आणि त्याने सुताराला हात केला.

तिसऱ्या घावाला लॅच तुटून आत पडलं.

दादा तिथेच पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. कुणी त्याला उगी म्हटलं नाही. रडता रडता तो म्हणाला, "बाबांनी असं नसतं उघडलं."

"नसतंच," बाई म्हणाल्या.

दार सताड उघडं होतं. त्या आत गेल्या नाहीत, दादापासून सहा फुटांवर तशाच बसून राहिल्या.