टोमॅटोत दूध निघालं तेव्हा

"तुमच्या टोमॅटोत दूध निघालंय," फोनवर साठे मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आम्ही टोमॅटोच पाठवले होते ना?"

"टोमॅटोच आहेत. त्यांच्यावर दूध आहे."

फोन ठेवला आणि आधी चहा मागवला. दुधात पाणी निघाल्याचं आयुष्यभर ऐकलं होतं. टोमॅटोत दूध मात्र नोकरीत पहिल्यांदाच निघत होतं.

मी यवतमाळला उद्योग खात्यात होतो. जिल्ह्यात कारखाने आणायचे, हे माझं काम. ते दिवस कापसासाठी फार वाईट होते. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरलेली, कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले हातावर हात धरून बसलेले, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये एकच शब्द, 'फूड प्रोसेसिंग'. म्हणजे शेतात पिकलेलं डब्यात-बाटलीत भरून टिकाऊ करायचं आणि विकायचं. हा शब्द आम्ही इतक्यांदा उच्चारला होता की तेवढ्यावरच एखादा कारखाना उभा राहायला हवा होता. प्रत्यक्षात कंपन्या यायच्या, इथे काय पिकतं विचारायच्या, आम्ही कापूस म्हणायचो, आणि त्या चहा पिऊन निघून जायच्या.

शेवटी पुण्याकडची, टोमॅटोची प्युरी करणारी एक कंपनी तयार झाली. प्युरी म्हणजे टोमॅटोचा गाळून आटवलेला गर. कंपनीची अट एकच होती. आधी माल दाखवा, तो पास झाला तर कारखाना. मी घाटंजीकडच्या एका गावात गेलो. तिथले गजाननभाऊ आणि त्यांच्या भावकीतली काही घरं यांनी कापसाच्या रानात टोमॅटो लावले. माझ्या शब्दावर लावले, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझी झोप त्यामुळेच उडाली. कंपनी आली नसती तर एवढा टोमॅटो आमच्या बाजारात कोणी फुकटसुद्धा नेला नसता.

पहिला तोडा झाला. त्यातलं सॅम्पल कंपनीच्या लॅबला गेलं. साठे मॅडम त्या लॅबच्या प्रमुख. माल शेतातून येतो तसाच, न धुता तपासायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. काही लोकांना दुधाचा अंशही चालत नाही, घसा सुजतो, जिवावर बेततं. आमची प्युरी परदेशात जाते, त्यामुळे यात तडजोड नाही. आणखी एक सॅम्पल पाठवा, तेही असंच निघालं तर विषय बंद.

मी जीप काढून गाव गाठलं आणि पोलिसासारखी चौकशी सुरू केली. क्रेट तपासले, ते नवे कोरे होते. टेम्पोवाले रहीमभाई तर दुखावलेच. त्यांच्या गाडीत कापूस आणि सिमेंटशिवाय आजवर काही चढलं नव्हतं. मग मी गजाननभाऊंना विचारलं, कोणाची म्हैस तर शेतात शिरली नव्हती?

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, म्हैस टमाट्यात शिरली असती तं दूध कायले, शेण सापडलं असतं."

मुद्दा बिनतोड होता. तरी मी सगळ्यांना चावडीवर जमवलं, पहिला माल नापास झाल्याचं सांगितलं, तोडणीआधी साबणानं हात धुवायची ताकीद दिली. दुसरं सॅम्पल गेलं. मी देवाचं नाव घेऊन फोनजवळ बसून राहिलो.

"दूध वाढलंय," साठे मॅडम म्हणाल्या.

ही बातमी आमच्या मोठ्या साहेबांना सांगायला गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही तिथं टोमॅटो लावले की डेअरी काढली?" मी मॅडमच्या हातापाया पडलो. निदान एकदा स्वतः या, तुमच्या डोळ्यांदेखत तोडा करू. त्या बिचाऱ्या कबूल झाल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळीच आम्ही शेतात पोचलो. मॅडमच्या हातात हातमोजे, डोक्याला जाळीची टोपी. पुढे बघतो तर बायांचा घोळका. वाफ्यापाशी पाच दगड मांडलेले, त्यांना हळदीकुंकू लावलेलं. गजाननभाऊंची आई वच्छलाबाई मोठा गंज भरून दहीभात घेऊन उभ्या होत्या आणि मुठी भरभरून पिकावर फेकत होत्या. लालबुंद टोमॅटोवरून दही ओघळत होतं.

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी असली की शेतात सीतादही करतात. देवी म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य पिकावर उडवायचा आणि मगच वेचायला लागायचं. पीक बदललं तरी रीत कोण बदलणार? आणि यात साहेबाला सांगण्यासारखं काही आहे, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी विचारलं, पण पहिली वेचणी तर कधीच झाली, मग आज कशाला?

"माल वापस आला ना साहेब. मंग पह्यली वेचनी झालीच कुठी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, दही कमी पडलं असन. दुसऱ्या खेपीले डबल केलं."

मॅडम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खाली बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. मग कळलं, हसताहेत. डोळे पुसून मात्र त्या म्हणाल्या, की हे बंद करावं लागेल.

वच्छलाबाईंनी गंज खाली ठेवला. "मंग तुमचा कारखाना तुमच्यापाशीच ठेवा, बाई."

मी घाईघाईनं मध्ये पडलो. एक ओळ देवीची ठेवू, दहीभात तिथंच उडवायचा आणि त्या ओळीचा एकही टोमॅटो कंपनीला द्यायचा नाही, असं सुचवलं. दोघींना पटलं, पण ओळ कोणती यावर घोडं अडलं. वच्छलाबाईंना शेताच्या मधली, सगळ्यात जास्त फळं लागलेली ओळ हवी होती. मॅडमना पार टोकाची. एवढी घासाघीस मी जमीन संपादनातही पाहिली नव्हती. शेवटी टोकाची ओळ ठरली, पण मॅडमनी प्रसाद खायचा या अटीवर. मॅडमनी हातमोजे काढले, खाल्ला, आणि आणखी मागितला. पुढच्या तोड्याचं तिसरं सॅम्पल स्वच्छ निघालं.

पुढच्या हंगामात कारखाना उभा राहिला. उद्घाटनाला वच्छलाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. कंपनीचे डायरेक्टर आले, कुंकवानं मशीनवर स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली, बटण दाबून ते सुरू केलं आणि त्याच्या स्टीलच्या काठावरच नारळ फोडला. पाणी आणि करवंटीचे तुकडे थेट आत गेले. साठे मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

वच्छलाबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि डायरेक्टरांकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "बाई, यायलेबी एक ओळ देऊन द्या ना बाजूले."

त्या दिवशी प्युरी काही निघाली नाही, मशीन तेवढं धुऊन निघालं. कारखान्याला जमीन, वीज, पाणी आणि रस्ता लागतो, असं आमच्या प्रत्येक प्रस्तावात असायचं. पुढच्या प्रस्तावांत मी एक ओळ वाढवली, पूजेची जागा. मोठ्या साहेबांनी ती दर वेळी खोडली आणि मी दर वेळी पुन्हा लिहिली.