म्हैस मेली तेव्हा

त्या दुष्काळात आमच्या सहकारी सोसायटीने पाली गावाच्या अलीकडे चारा छावणी काढली होती. मी तिचा व्यवस्थापक होतो. गुरांना हिरव्या जाळीची सावली, टँकरचं पाणी, प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. जनावराच्या धन्याच्या घरची माणसं त्याच्याशेजारीच चूल मांडायची. त्याला कुणी हरकत घेत नसे.

ऊसतोडीवरून परतलेलं एक कुटुंब तिथंच राहत होतं. नवरा पायाने अधू झालेला, बायको, दोन लहान मुली. गावातलं घर पडलेलं. जवळ एक म्हातारी म्हैस होती, तिच्या जिवावर त्यांना जाळीखाली जागा मिळाली होती.

म्हैस मेली. दुसऱ्याच दिवशी मी त्या बाईला जागा खाली करायला सांगितलं.

"पोरी घिऊन कुठं जाऊ, भाऊ?"

"छावणी जनावरांची हाय, बाई. माणसांची न्हाई."

"मग माझ्या कानात मारा बिल्ला. म्या बी दावणीला उभी ऱ्हाते."

चारा घ्यायला आलेली माणसं हसली. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. दुपारपर्यंत ती चौघं भांडीकुंडी उचलून चालती झाली, आणि त्या जागेवर एका संचालकाची जर्सी गाय बांधली गेली. तिला घरी सिमेंटचा गोठा होता.

आता बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यावर बैठका होतात. मला अनुभवी म्हणून बोलावतात. छावणीत जनावराशिवाय माणसाला जागा नव्हती, शासनाचा नियमच तसा होता, असं तिथं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. नियम जाळीखालच्या जागेचा होता. छावणीला लागून सोसायटीचं खताचं गोदाम होतं. पत्र्याचं, पक्क्या फरशीचं. दुष्काळात खत कोण घेतो, ते रिकामंच होतं. किल्ली माझ्या खिशात होती. ते उघडू नको, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

ती माणसं कुठं गेली, याची मी कधी चौकशी केली नाही. लाज वाटली म्हणून, असं मी बायकोलासुद्धा सांगत आलो. ते खोटं आहे. ती सापडली असती, तर मला गोदाम उघडावं लागलं असतं.