पाहुणीसाठी निवडलेला कांदा

भाग्यश्री आहेर नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंना आजही धड सांगता येत नाही. ‘सून परदेशातून पैसे शोधते’ असं त्या एकदा हळदीकुंकवाला बोलून गेल्या. त्याच संध्याकाळी शेजारच्या बाई घरी येऊन, ते कर्ज किती टक्क्यांनी मिळतं, असं विचारून गेल्या. त्यांच्या मागोमाग आलेल्या मावशींनी तर काळजीनं बजावलं, की परदेशातून पैसे देतो म्हणणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नकोस, माझ्या भाच्याचं खातं असंच रिकामं झालं.

ते कर्ज नव्हतं आणि फसवणूकही नव्हती. शेती, वीज, पाणी, जंगल अशा कामांसाठी परत न घेण्याच्या बोलीवर पैसे देणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. त्या आपल्या दारात येत नाहीत, एवढंच. त्या शोधाव्या लागतात, त्यांच्या अटी वाचाव्या लागतात आणि आपलं काम त्यांना पटेल असं मांडावं लागतं. असा निधी घ्यायची सरकारी परवानगी असलेल्या नाशिकच्या एका संस्थेत भाग्यश्री हेच काम करते.

त्याआधी ती सातपूरच्या एका कारखान्यात होती. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर तिथे ती कंट्रोल पॅनेल तपासायची. नापास झालेला माल तिथे कोणी लपवत नसे. तो लाल ट्रेमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवत. चांगला माल काही बोलत नाही, बोलतो तो नापास माल, असं तिचे सुपरवायझर म्हणायचे. पक्की नोकरी सोडून ती संस्थेत आली, तेव्हा त्याच औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, ललितनं, फक्त एवढंच विचारलं, की तिकडे तपासायला काय असणार? सगळंच, असं ती म्हणाली होती.

आणि खरंच ती निधीच्या जाहिराती माल तपासावा तशाच तपासत गेली. बाकीचे लोक आधी रक्कम बघत. भाग्यश्री आधी ‘कोणाला मिळणार नाही’ हा भाग वाचायची. त्यात आपण बसत असलो, तर पुढचं एक अक्षरही वाचायचं नाही. त्यामुळे तिचा वेळ वाचे आणि नकारही कमी येत. आलेला नकार मात्र ती दोनदा वाचायची.

देवळा तालुक्यातल्या तिच्या माहेरगावी कलाबाईंचा महिला गट होता. सगळ्यांच्या घरी कांदा. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत सांभाळायचा, हा तिथला रिवाज. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, जाळीच्या भिंतींची, वरून पत्र्याची लांबट खोली. पावसाळ्यात हवा दमट झाली, की ढिगाच्या पोटात कांद्याला पाणी सुटतं, काजळी धरते आणि वास सुटतो. ढिगाखालून हवा खेळवणारे पंखे बसवायचे आणि ते सौरऊर्जेवर चालवायचे, अशी भाग्यश्रीची कल्पना होती. तिनं शेतीसाठीचे निधी पाहिले, मग सौरऊर्जेचे पाहिले. सगळीकडे कांद्याची चाळ अटीत बसेना. एके दिवशी तिला उमगलं, की आपण इलाजाच्या नावानं शोधतोय, दुखण्याच्या नावानं शोधतच नाही. ‘पिकलेलं अन्न वाया जाणं’ या नावानं तिनं शोध घेतला आणि युरोपातल्या एका प्रतिष्ठानची जाहिरात पुढ्यात आली. अटी तर जणू देवळ्यात बसूनच लिहिल्या होत्या.

अर्ज पहिल्या फेरीत निवडला गेला. दुसरी फेरी म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. त्यासाठी कलाबाईंच्या चाळीचे दोन कप्पे केले. एकाच वावरातला, एकाच दिवशी काढलेला कांदा दोन्हीकडे भरला. एका कप्प्याखाली पंखा लावला, दुसरा तसाच ठेवला. पाहणीला येणाऱ्या बाईंसमोर दोन्ही उघडून सडीचं वजन करायचं, असं ठरलं. त्या सडीच्या फरकावरच साऱ्या गटाच्या चाळींना पंखे मिळणार की नाही, हे ठरणार होतं.

कलाबाईंचे दीर खंडेराव हे सगळं पारावरून बघत होते. कांद्याला पंखा लावताय, उद्या गादी पण टाका, असं ते येता-जाता म्हणत. वावर दोघा भावांचं एकत्र होतं. त्यांच्या वाट्याचा कांदाही त्याच दिवशी त्यांच्या स्वतःच्या चाळीत गेला होता. पावसाळाभर त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाव चढला की एकदमच काढू, असा त्यांचा खाक्या.

गणपती उठल्यावर पाहणी ठरली. प्रतिष्ठानच्या वतीनं आलेल्या वांजिरू या केनियाच्या शेती अभियंता होत्या. उंच, शांत आणि पायात चिखलाची सवय असलेले बूट. नाशिकहून देवळ्यापर्यंत गाडीत त्यांनी फक्त कांद्याचे प्रश्न विचारले. भाग्यश्रीची उत्तरं तयार होती. तिला आज कशाचीच धास्ती नव्हती.

चाळीपुढे सडा, रांगोळी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. गटातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या. कलाबाईंनी पाहुणीला कुंकू लावलं, ओटी भरली. वांजिरूंनी नारळ दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या हसल्या. मग कप्पे उघडले.

पंख्याच्या कप्प्यात कांदा कोरडा, खडखडीत. शेजारचा कप्पा उघडला आणि भाग्यश्री जागीच थबकली. तिथेही कांदा तसाच, लालसर, चकचकीत, एकसारखा. वास नाही, काजळी नाही, खाली ओल नाही.

वांजिरूंनी दोन्हीकडचे कांदे हातात घेऊन दाबून पाहिले. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, की पंख्यानं काहीच फरक पडत नाही का?

भाग्यश्री कलाबाईंकडे वळली. “तुम्ही इथला कांदा निवडला?”

“मग! समद्या बसलो ना,” कलाबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. “इतक्या लांबून पाहुनी येणार अन् तिला सडका कांदा दाखवू? आपली काही इज्जत शे का नाही?”

चूक कोणाचीच नव्हती, हे भाग्यश्रीला लगेच कळलं. तिनं हात लावू नका असं सांगितलं होतं. पण हात लावू नका म्हणजे घाणही तशीच ठेवा, असा अर्थ या गावात कोणत्याच घरात होत नाही. पाहुणा येणार म्हटलं, की फाटकी गोधडी आत जाते आणि नवी चादर बाहेर येते. तिच्या आईनंही हेच केलं असतं.

“अन् पंख्याकडचा?” तिनं विचारलं.

“त्याला कशाला हात लावायचा? त्याच्यात निवडण्यासारखं व्हतंच काय?”

हे वाक्य तिनं जसंच्या तसं इंग्रजीत वांजिरूंना सांगितलं. त्याआधी काय झालं तेही सांगितलं, काहीही न लपवता. मग सड कुठे टाकली ते विचारलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी कलाबाई खाली मान घालून गोठ्यामागच्या खड्ड्याकडे घेऊन गेल्या. वास येऊ नये म्हणून त्यावर पाचट टाकलं होतं. पाचट बाजूला केल्यावर वांजिरूंनी नाकाला पदर लावलेल्या बायकांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. कृषी अधिकारी येणार असले, की आमची आई किडलेला मका असाच मागच्या बाजूला नेते, असं त्या म्हणाल्या. भाग्यश्रीनं ते मराठीत सांगितल्यावर बायकांची मान जरा वर आली.

पण हसण्यानं काम भागणार नव्हतं. खड्ड्यातल्या सडीचं पाणी मातीत मुरलं होतं, काही सड शेळ्यांनी खाल्ली होती. हे वजन खरं धरता येणार नाही, असं वांजिरूंनी म्हणायच्या आत भाग्यश्रीच म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, न निवडलेला, पण त्याच वावरातला कांदा दुसरा कुठे आहे का? नसेल, तर पाहणी पुढच्या हंगामात. आणि पुढच्या हंगामात निधी असेलच, याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या.

भाग्यश्रीची नजर समोरच्या चाळीवर गेली. कलाबाईंचीही तिकडेच गेली होती.

खंडेराव कडुलिंबाखाली हात मागे बांधून उभे होते. त्यांना कोणी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, “माझ्या चाळीचं नाव काढू नका.”

भाग्यश्री त्यांच्याजवळ गेली. तिनं पाहणीचं सगळं समजावून सांगितलं. खंडेराव ऐकत होते, पण डोळे चाळीच्या दाराकडे. आत काय झालंय ते त्यांना वासावरून कधीच कळलेलं होतं. म्हणूनच तर ते पावसाळाभर तिकडे फिरकले नव्हते. साऱ्या गावाला सांगितलं होतं, आपला कांदा पंख्याशिवाय दिवाळी गाठतो म्हणून.

“पोरी, लोक हसतील,” ते हळू आवाजात म्हणाले.

“कारखान्यात आम्ही नापास माल लाल ट्रेमध्ये ठेवायचो, काका. सगळ्यांसमोर. त्याला कोणी हसायचं नाही. त्याच्यावरूनच पुढचा माल सुधारायचा.”

तेवढ्यात कलाबाई पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“भाऊजी, माझी सड तर पाहुनीनं पाहिली. खड्ड्यात उकरून पाहिली. आता तुमची काय राहिली?”

खंडेरावांनी खिशातून किल्ली काढली.

दार उघडायच्या आधी वास बाहेर आला. बायका मागे सरल्या, वांजिरू पुढे सरकल्या. ढिगाच्या पोटातून काळं पाणी फळ्यांवर झिरपलं होतं. जाळीला टेकलेले कांदे कोंबांनी हिरवे झाले होते. वरचा थर तेवढा बरा होता. वजनकाटा तिथेच आणला. खंडेरावांनी स्वतः कांदा पाट्यांत भरून निवडला, कोणालाही हात लावू दिला नाही, आणि त्यात पाट्याच्या पाट्या सड निघाली. त्यानंतर पंख्याच्या कप्प्यातून तेवढाच कांदा काढून निवडला. त्यात सड एका ओंजळीत मावेल एवढी निघाली. खंडेरावांनी ती ओंजळीत घेऊन बराच वेळ पाहिली.

निधी हिवाळ्यात मंजूर झाला. भाग्यश्रीनं ही बातमी फोनवर सांगितली, तेव्हा कलाबाईंनी पहिलं काय विचारलं असेल, तर त्या बाई पुन्हा येणार आहेत का. येणार होत्या, पुढच्या पावसाळ्यात. आणि या वेळी निवडायचं नाही, असं भाग्यश्री बोलायच्या आत कलाबाईच म्हणाल्या.

आता भाग्यश्री नव्या गावी गेली, की चहाच्या आधीच विचारते, खराब झालेलं कुठे टाकता, ते दाखवा. कोणी ओशाळतं, कोणाला राग येतो. येवल्याकडच्या एका गटानं तर तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण उकिरडा दाखवला आणि त्याच उकिरड्यावरून तिचा पुढचा अर्ज लिहून झालाय.

उन्हाळ्यात गटाच्या चाळींना पंखे बसले. पहिला पंखा कोणाचा यावरून थोडी कुरकुर झाली, आणि ज्यांच्या सडीमुळे निधी आला, त्या खंडेरावांना तो मिळाला. परवा ती पाहायला गेली, तेव्हा त्यांच्या दाराशी लाल प्लास्टिकचं क्रेट ठेवलेलं होतं. तळाला चार सडके कांदे.

“हे कशाला, काका?” तिनं विचारलं.

“असू दे,” खंडेराव म्हणाले. “पाहुने आले म्हणजे दाखवायला काहीतरी पाहिजे ना.”