आईचा बकरीवाला फोटो

आपण गेल्यावर भिंतीवर कुठला फोटो लावायचा, हे आईनं ठरवायला घेतलं तेव्हा ती ठणठणीत होती. साखर नाही, बीपी नाही, गुडघे माझ्यापेक्षा बरे. निमित्त झालं मोठ्या काकूंच्या तेराव्याचं. काकू अचानक गेल्या, घाईत कुणाला धड फोटो सापडेना, म्हणून त्यांच्या ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. काकू जन्मभर हसतमुख, आणि फोटोत मात्र नुकतंच कुणीतरी पकडून आणल्यासारख्या. येणारा प्रत्येक जण आधी दचकत होता आणि मग नमस्कार करत होता.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "माझं असं केलंत ना, तर मी कुणालाच माफ करणार नाही. अभी से सांगून ठेवते."

"तू गेल्यावर माफ करणार नाहीस, म्हणजे कसं?" मी विचारलं.

"ते माझं मी बघीन. मला तो बकरीवाला फोटो पाहिजे. बस."

बकरीवाला फोटो म्हणजे दोन हिवाळ्यांपूर्वीचा. बेटम्याला मावशीच्या शेतावर आम्ही दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, खायला गेलो होतो. आई पत्रावळ घेऊन बांधावर टेकली आणि मागून एक बकरी आली. पत्रावळीचं एक टोक बकरीच्या तोंडात, दुसरं आईच्या हातात, बाफला मातीत आणि आई हसून हसून वाकलेली. बाबांनी तो त्यांच्या फोनवर टिपला होता. आईनं तो एकदाच पाहिला होता, पण तिच्या मनात पक्का बसला होता.

"बाकीच्या सगळ्या फोटोंत मी कुणाची तरी बायको दिसते, नाही तर कुणाची तरी आई," ती म्हणाली. "त्यात मी दिसते."

मला अजिबात काळजी वाटली नाही. फोटो हे आमच्या घरात माझं खातं. मी राऊ गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि दीड वर्षापूर्वी, जागा भरली, पैसे भरा, अशा फोनच्या रोजच्या धमक्यांना कंटाळून मी ठरवलं की आपले फोटो आपल्याच घरी राहतील. एक जुना ऑफिसातला कॉम्प्युटर सेकंडहँड आणला, त्यावर फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर चढवलं, आणि तो चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. घरातल्या कुणीही फोटो काढला की तो वायफायवरून आपोआप तिथे जाऊन बसायचा. तारीखवार, गाववार, चेहऱ्यांनुसार. आईनं त्या डब्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. त्यानं तो तापून बंद पडायला लागला, तेव्हा झाकण काढायला मला तीन दिवस तिची मनधरणी करावी लागली.

शिवाय बॅकअप. बॅकअपवर मी वर्गात एक तास बोलते, घरात त्याहून जास्त. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक प्रत चपलांच्या कपाटात, दुसरी माझ्या खोलीतल्या डिस्कवर, तिसरी बेटम्याला मावशीकडे, जी इंटरनेटवरून दर रविवारी घरच्या प्रतीशी स्वतःला जुळवून घ्यायची. आग लागो, पूर येवो, आमचे फोटो अमर. असं मी जेवताना ऐकवत असे.

फक्त एक अडचण होती. साठ हजारांच्या वर फोटो जमले होते, आणि त्यात अर्धे गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहिलेले, गॅसच्या बिलांचे, चुकून काढलेल्या पंख्यांचे. हे निवडणार कोण? काकू गेल्या त्याच्या काही महिने आधी बाबा म्हणाले, "मी करतो. माझं कामच होतं ते."

खरंच होतं. बाबा एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. कुठला कागद ठेवायचा, कुठला किती वर्षांनी नष्ट करायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे नष्ट करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी आनंदानं त्यांना सगळे अधिकार देऊन टाकले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलाची कचेरी झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर अकराला लॅपटॉपसमोर बसत आणि पाचला उठत. दीड ते दोन जेवण, तेही त्याच टेबलावर, पण लॅपटॉप मिटून. आईनं मध्येच दळण आणायला सांगितलं तर म्हणत, "लंच के बाद." दुसऱ्या शनिवारी कचेरी बंद. एकदा शेजारचे आजोबा सहज गप्पा मारायला आले, तर बाबांनी त्यांना दहा मिनिटं सोफ्यावर थांबायला लावलं. समोर दुसरं कुणीच नव्हतं. पण मला बरं वाटत होतं. माणूस रमला होता आणि फोटोंची लायब्ररी हलकी होत होती.

तर काकूंच्या तेराव्यानंतर आईनं सराफ्यात जाऊन मोत्याच्या कुड्या उजळून आणल्या. फोटो जुना, कुड्या नव्यानं उजळलेल्या, त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. मी शोधाच्या जागी "बकरी" असं टाइप केलं. सॉफ्टवेअरनं आम्हाला शेजाऱ्यांचा कुत्रा दाखवला, मावशीचा पांढरा सोफा दाखवला, आणि मफलर गुंडाळलेले मावशीचे यजमान दाखवले. बकरी नाही.

मग मी आईचा चेहरा निवडला. तिचे तीनशेच्या वर फोटो ओळीनं उघडले. प्रत्येक फोटोत आई सरळ उभी होती. हात खाली, पदर नीट, नजर समोर. लग्नात, बागेत, देवळात, माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगला, सगळीकडे आई ओळखपत्रासाठी आल्यासारखी उभी. तीनशे मोठ्या काकू.

"बाबा, त्या दिवसाचे बेटम्याचे फोटो कुठे आहेत?"

"आहे ना. हा काय," बाबा म्हणाले आणि त्यांनी एक फोटो उघडला. सगळे रांगेत उभे. मागे तुरीचं शेत. बकरी हजर नव्हती.

"आणि बाकीचे?"

"एकाच प्रसंगाचे पाच होते. नियमाप्रमाणे सर्वात स्पष्ट तो ठेवला, बाकी नष्ट केले. हललेले, डोळे मिटलेले, तोंड उघडे, हे सगळं अपूर्ण कागदात मोडतं, भिया."

बाबा मला आमच्याकडच्या बोलीत भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात तेव्हा त्यांना आपण चुकलोय असं वाटू लागलेलं असतं. आईनं कानातल्या कुड्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. मला तिचं रडणं परवडलं असतं, पण हे नको होतं.

मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. पुसलेला फोटो महिनाभर कचऱ्याच्या डब्यात पडून असतो. बाबा म्हणाले की तो डबा ते रोज पाचला रिकामा करतात. टेबल साफ केल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्यांची सवय. मी म्हटलं, बाबांच्या फोनवर असेल. मग मला आठवलं की जागा मोकळी करायची म्हणून मीच सगळ्यांच्या फोनवरून चढवलेले फोटो पुसून टाकले होते, आणि तेव्हा स्वतःवर खूश होऊन सगळ्यांना सांगितलंही होतं. माझ्या खोलीतल्या डिस्कवरही तो नव्हता. राहिली बेटम्याची.

रविवारी ती पुन्हा घरच्या प्रतीशी जुळण्याआधी मला तिथे पोचायचं होतं. सकाळच्या बसनं बेटम्याला गेले. मनात एकच आशा होती, की मावशीच्या घरी कुणीतरी काहीतरी घोळ घातला असेल. डिस्कची पिन काढून मिक्सर लावला असेल. वर्षभर ती बंदच असेल. माझी माणसं मी ओळखून आहे.

पण मावशीचे यजमान दारातच छाती फुगवून उभे होते. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, आणि डिस्क त्यांनी दुकानातल्या गल्ल्यामागे ठेवली होती. "बेटा, एक मिनिट बंद नाही केली, कसम से. लाइट गेली तर पंखा बंद, फ्रिज बंद, पर इन्व्हर्टरवर ही चालू. तू बोलली होती ना." त्यांनी डिस्कखाली लाकडी पाट घातला होता, आणि शेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, हात लावू नये.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्या कुणीतरी मी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. त्यामुळे बाबांनी घरी जे जे पुसलं, ते ते बेटम्यालाही दर रविवारी इमानेइतबारे पुसलं गेलं होतं. मी बॅकअप केलाच नव्हता, मी तीन आरसे लावले होते. समोरचा माणूस गेला की तिन्ही रिकामे. ही चूक कशी टाळावी हे मी दर वर्षी पोरांना शिकवते, परीक्षेत विचारते, आणि ज्यांना येत नाही त्यांचे मार्क कापते. मावशीच्या यजमानांनी मला चहा पाजला. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, आणि कारण सापडत नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं चालवली. कपाटातला कॉम्प्युटर घरघरत राहिला आणि खूप काही परत आलं. शुभ सकाळचे गुलाब एकूण एक सहीसलामत परत आले. गॅसची बिलं आली, पंखे आले. आईचे मात्र तुकडे आले. अर्धा पदर आणि खाली सगळं करडं. एका फोटोत नुसता कान.

नवव्या दिवशी माझा तोल गेला. बाबा आपले अकराला लॅपटॉप उघडायला बसले होते, जणू काही झालंच नाही. मी म्हटलं, "बस झालं! माणसांचे फोटो म्हणजे काय कचेरीची रद्दी आहे? डोळे मिटून पुसत सुटलात. काय उडवलंत ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

बाबांचा चेहरा उतरला. पुसल्याबद्दल नव्हे, शेवटच्या प्रश्नानं. "ऐसे कैसे?" ते म्हणाले. "चौतीस वर्षांत नोंद केल्याशिवाय एक चिठोरं नष्ट केलं नाही मी." ते उठले, त्यांच्या गादीखालून एक लांबट रजिस्टर काढून आणलं आणि माझ्यासमोर धरलं.

लाल शाईनं आखलेले रकाने. अनुक्रमांक, वर्णन, नष्ट करण्याचं कारण, सही. पहिली दोन पानं कचेरीच्या हिंदीत होती, पुढे ते नकळत मराठीत आले होते. गुलाबांना एकेक शब्द दिला होता. पण आईपाशी आलं की अक्षर बारीक होत होतं आणि रकाना पुरत नव्हता. मी मोठ्यानं वाचायला लागले, तर बाबांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. आपली नोंद दुसऱ्यानं वाचलेली त्यांना खपत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचू लागले.

"सौ. गच्चीवर पापड वाळत घालताना. पदर वाऱ्यानं उडून तोंडावर. कारण, चेहरा झाकलेला."

आई ओट्यापाशी होती. तिनं गॅस बंद केला.

"सौ. खिडकीत मटार सोलताना. उजव्या कानावर ऊन पडलं आहे. कान गुलाबी दिसतो. कारण, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. सौ. दुपारच्या झोपेत, हात गालाखाली. कारण, विनापरवानगी. सौ. भाजीवाल्याशी भांडताना. भाजीवाला घाबरलेला. कारण, तोंड उघडे."

आई पदराला हात पुसत टेबलाशी येऊन बसली. इतक्या वर्षांच्या संसारात बाबांनी तिच्या दिसण्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढल्याचं मी ऐकलेलं नाही. नवी साडी नेसली तरी ते फक्त विचारायचे, निघायचं का. मला आतून भरून आलं, आणि रागही तसाच होता, कारण यातलं एकही आता बघायला मिळणार नव्हतं.

"बकरीचं आहे?" आईनं विचारलं.

बाबांनी पानं उलटली. बोट खाली खाली नेलं. "आहे. बेटमा. सौ., बकरी, पत्रावळ. सौ. खूप हसत आहेत. बकरी स्पष्ट, सौ. अस्पष्ट." बोट पुढच्या रकान्यावर सरकलं. मग कारणाचा रकाना वाचला. "कारण, फोटो काढणाऱ्याचा हात हलला. तोही हसत होता."

"तुम्ही हसत होतात?" आई म्हणाली. तिचे डोळे तेव्हा मिटलेले होते, तिला ते दिसलंच नव्हतं.

"मग? खोटी नोंद करीन का मी?"

आईनं रजिस्टर वळवून ती ओळ स्वतः वाचली. मग मला म्हणाली, "भिंतीवर काही लावू नको माझं. तेराव्याला लोक जमले की ह्यांनी हे वाचून दाखवायचं. पूरा का पूरा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी आधी गेलो तर?"

"तुमची रजा मंजूर नाही," आई म्हणाली. "बसा आणि पुढचं वाचा."