भावोजींना न सापडलेला फॉल्ट

माझे भावोजी महाडला गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचे. हायवेपासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. गाडी आली की ते लगेच बॉनेट उघडत नसत. ड्रायव्हरला स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, "काय होतंय ते सांग. घाई नाय." मग तो बोलत असेपर्यंत गप्प ऐकायचे. ताई चेष्टेनं म्हणायची, "डॉक्टर पन एवढं विचारीत नाय."

माझी पिकअप घरात आली ती त्यांच्या शब्दावर. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. रस्ता सगळा वळणांचा. मी मोटरसायकल चालवताना मोबाईल कानाला लावतो हे बाबांनी दोनदा पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचा गाडीला साफ नकार होता. भावोजी मुद्दाम बिरवाडीच्या त्यांच्या घरून आले. ओटीवर बसून बाबांना म्हणाले, "घेऊ द्या त्याला. सांभाळून चालवील. मी सांगतोय ना." बाबा त्यांना जावई कमी आणि थोरला मुलगा जास्त मानत. एवढ्यावर बाबा कबूल झाले.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. सकाळी महाडहून पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट आणि भाजी भरून हिरकणीवाडीच्या हॉटेलांना द्यायची. दुपारनंतर बिरवाडीत कोणाचं तरी सामान हलवायचं. तिथं कारखान्यातले कामगार सारख्या खोल्या बदलतात. एक पलंग, एक गॅस, एक कूलर, दोन बॅगा, की झाला संसार.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी रिकामी गाडी घेऊन घरी येताना फोन वाजला. मी तो घेतला. बोलता बोलता वळण जवळ आलं आणि गाडीची डावी बाजू रस्त्याकडेच्या कठड्यावर घासत गेली. मला काही झालं नाही. गाडीचा डावा दरवाजा आणि त्याच्या खालचा केबिनचा पत्रा मात्र आत गेला होता.

मी गाडीतच बसून राहिलो. बाबांना काय सांगायचं याचा विचार करत होतो, पण त्याहून जास्त भावोजींचा विचार डोक्यात होता. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. शेवटी मी घरी फोन करून सांगितलं की लांबचं भाडं मिळालंय, चार दिवस येत नाही. गाडी घाटापलीकडं, ओळखीचं कोणी नसेल अशा गॅरेजला नेली. त्यांनी डावी बाजू आतून मोकळी केली, पत्रा ठोकून काढला, रंग मारला. गाडी घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "धुतलीस वाटतं. चकचकीत दिसतेय."

त्यानंतर महिन्याभरानं गाडी मधेच बंद पडायला लागली. चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचे दिवे एकदम मिणमिणायचे, काटे खाली पडायचे आणि इंजिन गप्प व्हायचं. किल्ली फिरवली तर सेल्फसुद्धा लागायचा नाही. मग कधी दोन मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं आपोआप सगळं ठीक व्हायचं. आठवडाभर काही नाही, आणि मग एकाच दिवशी तीनदा.

भावोजींच्या दुकानात गाडी नेली की ती शहाण्या मुलासारखी चालायची. त्यांनी बॅटरीचे टर्मिनल साफ केले. फ्यूज एकेक काढून पाहिले. रिले बदलला, किल्लीचा स्विच बदलला. इंजिनाकडची वायरिंग हातानं हलवून, वाकवून बघितली. गाडी चालूच राहिली. मग ते माझ्याबरोबर फेऱ्यांना यायला लागले. दुकान बंद ठेवून, मांडीवर टेस्ट लॅम्प घेऊन, शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांनी बॅटरीपासून वायर ओढून तो दिवा आत आणला होता. गाडी बंद पडली की करंट कुठपर्यंत येतोय ते त्यांना बघायचं होतं. हिरकणीवाडीला तीन वेळा गेलो, शिवथरला एकदा. ते बरोबर असताना गाडी एकदाही बंद पडली नाही.

परत येताना ते म्हणायचे, "गाडी माझ्यावर रुसलीय रे." आणि हसायचे. त्या फेऱ्यांमध्ये ते मला पुष्कळ सांगायचे. लहानपणी घरात वीज नव्हती, शेजारच्या वाडीत दिवा लागला की तिकडं बघत बसायचे, तेव्हापासून या कामाची ओढ लागली, वगैरे. ज्या सीटवर ते बसायचे तिच्या पायाशीच तो फॉल्ट होता, हे आता मला माहीत आहे.

त्यांनी मला विचारलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी स्टुलावर बसवून विचारलं होतं, "मधे गाडी कुठं उघडली होतीस? केबिनला आतून कोनी हात लावलाय?"

"नाय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाय हो भावोजी. कंपनीतून आली तशीच हाय."

माझ्यावर शंका घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

पुढं खरं सांगायचं किती वेळा ठरवलं असेल. पण प्रत्येक वेळी ते सांगणं आदल्या वेळेपेक्षा अवघड झालेलं असायचं. पहिल्या दिवशी एकच खोटं होतं. दोन महिन्यांनी त्या खोट्यावर त्यांचे बंद दुकानाचे दिवस जमा झाले होते.

जून लागायच्या आधी शिवथरच्या बाजूला एक लग्न होतं. आचाऱ्याची भांडी, भाज्या, तेलाचे डबे मी घेऊन चाललो होतो. गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली ती चालूच होईना. उन्हात दीड तास गेला. शेवटी आचाऱ्यानं दुसरा टेम्पो बोलावला. त्यातून मुलीचे वडील उतरले. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आमच्याकडं हे एकच लग्न होतं." मी भांडी उचलून टेम्पोत भरत होतो आणि मला वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तशाच तापल्या डोक्यानं मी भावोजींच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाईकं बसली होती. भावोजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकदा आठवून सांग. आत कोनी काय उघडलं नव्हतं ना? कारन माझं बाकी सगळं बघून झालंय."

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "तुमच्यानं होत नसंल तर तसं सांगा ना. माझ्यावर कशाला ढकलताय? चार महिने नुसती वायर कुरवाळत बसलाय तुम्ही."

बसलेल्या दोघांनी खाली बघितलं. भावोजींनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले. मग मी आल्या आल्या खिळ्याला अडकवलेली गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"दुसऱ्या कोनाला दाखव," ते म्हणाले. "खरंच दाखव. मला नाय सापडत."

त्या वर्षी गणपतीला ताई एकटीच आली. भावोजी दरवर्षी आदल्या दिवशी येऊन मखराची लायटिंग करायचे. आईनं विचारलं तर ताई म्हणाली, "दुकानात काम हाय त्यांना." माझ्याकडं तिनं बघितलं नाही. लायटिंग मी केली.

गणपती गेल्यावर मी गाडी घाटापलीकडं एका म्हाताऱ्या वायरमनकडं नेली. त्यानंही पहिल्यांदा तेच विचारलं, आत कधी काम झालंय का. आणि मी सांगून टाकलं. फोन, कठडा, डावी बाजू, सगळं. परक्या माणसापुढं बोलायला काहीच जड गेलं नाही.

म्हाताऱ्यानं डाव्या सीटपुढची मॅट उचलली, पायाजवळचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. केबिनच्या सगळ्या वायरींची अर्थिंग तिथं एका बोल्टनं पत्र्याला जोडलेली होती. पत्रा ठोकणाऱ्यांनी ती सोडवून, रंग मारून, पुन्हा रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या कडेला कुठं ओरखडा होता, तेवढ्यावर गाडी चालत होती. खड्ड्यात, वळणावर पत्रा जरा हलला की सुटत होती. म्हाताऱ्यानं पॉलिश पेपरनं तिथला रंग घासून काढला, बोल्ट परत आवळला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

"याआधी कोनाला दाखवली होती?" त्यानं विचारलं.

"होते एकजण."

"हे सांगितलं नव्हतं त्यांना?"

मी खिशातून पैसे काढून मोजायला लागलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

गाडी त्यानंतर कधी बंद पडली नाही. मी रोज दोनदा भावोजींच्या दुकानावरून जायचो. थांबायचो नाही. दिवाळीच्या आधी एकदा थांबलो. ते एका टेम्पोच्या हेडलाइटपाशी वाकले होते. मला बघून सरळ झाले.

"बरी हाय आता गाडी?"

"हो. एकदम."

"काय निघालं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतके महिने एखादी गोष्ट डोक्यात घोळलेली असली की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. आणि मी म्हणालो, "बॅटरीचंच होतं काहीतरी."

"बॅटरी मी बघितली होती," ते हळू म्हणाले. "दोनदा." मग म्हणाले, "असंल. राहिलं असंल माझ्याकडनं." त्यांनी मला चहा विचारला. मी घाईत असल्याचं सांगून निघालो.

जानेवारीत एका सकाळी ताईचा फोन आला. अंघोळ करून भावोजी दुकानाला निघत होते, छातीत कळ आली म्हणून दारातच बसले. महाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकोणपन्नास. बिरवाडीच्या स्मशानात लाकडं मी माझ्या पिकअपमधून नेली. गाडी एका किल्लीत चालू झाली. बरोबर आलेला एकजण म्हणाला, "त्यांच्याच हातची गाडी ना ही?" मी हो म्हणालो.

तेरावं झाल्यावर मी ताईकडं गेलो. ती दुकानातून आणलेल्या वस्तू वेगळ्या करत होती. मीटर, पक्कड, वायरींची भेंडोळी. त्यात कॅलेंडरचं एक घडी घातलेलं पान होतं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं माझ्या गाडीची सगळी वायरिंग काढलेली होती. जे जे तपासलं त्याच्यापुढं बरोबरची खूण. काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन. डाव्या कोपऱ्यात एक छोटा गोल होता. त्याला खूण नव्हती. बाजूला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'केबिन अर्थिंग. कंपनी फिटिंग. कोणी उघडलेलं नाही.'

मी ते पान हातात धरून ताईला सगळं सांगितलं. कठड्यापासून बॅटरीपर्यंत. ती ऐकत होती, पण हातातली वायर गुंडाळायची थांबली नाही. माझं बोलणं झाल्यावर तिनं वायरीचं टोक आत खोवलं आणि भेंडोळं बाजूला ठेवलं.

"बॅटरीचं होतं असं तू सांगितलंस ना," ती म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन जेवले नायत. मला म्हनाले, माझा हात आता चालत नाय गो. समोरची बॅटरी कळत नाय मला. त्यानंतर अवघड काम आलं की परत पाठवायचे. नुसते बल्ब न् हॉर्न करायचे."

मी म्हणालो, "ताई, चुकलो मी."

"हे त्यांना सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मला सांगून काय करू मी?"

तिनं पान माझ्या हातातून घेतलं, होती त्याच घडीवर दुमडलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं.

घरी जाऊन मी बाबांनाही सांगितलं. ते ओटीवर बसले होते. त्यांनी ऐकलं, उठले आणि पायात चपला न घालताच ओटीपुढच्या खळ्यात जाऊन उभे राहिले. अंधार पडला तरी आत आले नाहीत. आईनं हाका मारल्या तेव्हा आले. त्यानंतर गाडीबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

मी भावोजींवर भडकलो त्या दिवशी दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकजण पोलादपूरचा होता. त्याला शोधून मी सांगितलं की दोष भावोजींचा नव्हता, मी खोटं बोललो होतो. त्याला तो दिवस आठवतच नव्हता. "चांगला मानूस होता पन," एवढं तो म्हणाला.

दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. ताई बिरवाडीत कामगारांच्या एका खानावळीत स्वयंपाक करते. आठवड्यातून दोनदा तिथली भाजी मीच पोचवतो. ती मागच्या दारानं बाहेर येते, पिशव्या मोजून आत घेते. आईचे गुडघे कसे आहेत विचारते, बाबांनी गोळ्या घेतल्या का विचारते. मागच्या आठवड्यात मटार जास्त कोवळे निघाले म्हणाली. सगळं बोलते. भावोजींचं नाव मात्र तिच्या तोंडून माझ्यापुढं निघत नाही. मीही काढत नाही. पिशव्या उतरवून झाल्या की ती म्हणते, "जा आता, ऊन वाढेल," आणि आत जाते.