उभं राहू या

"आता सगळ्यांनी उभं राहू या." गेली सव्वीस वर्षं दर रविवारी मी हे वाक्य म्हणत आलोय. युसूफ वडगावजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये गाणी घेण्याचं काम माझ्याकडं आहे. हल्लीची पोरं मला वर्शिप लीडर म्हणतात. पोटासाठी मी कपडे शिवतो. गाणं निवडायचं, पट्टी धरायची, मंडळीला उभं करायचं आणि पाळकांचा उपदेश सुरू होण्याआधी सगळ्यांची मनं जागेवर आणायची, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दहाजण खिडकीबाहेर बघत असतात, पाचजण मोबाईलमध्ये, आणि एखादी आजी मागच्याच कडव्यात रेंगाळलेली. मग मी चिडतो. राग माझ्या नाकावरच असतो, हे बायकोपासून पाळकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

दसरा झाला की निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. उरलेल्या आठ-दहा माणसांपुढं मी गळा दुखेपर्यंत ओढत राहतो. खरं सांगतो, मला आता कंटाळा आलाय. पाठ धरते, आवाज फाटतो, आणि आनंदाची गाणी म्हणताना आनंद काही सापडत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण माझ्या जागी उभं राहायला दुसरं कोणी तयार होत नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, याही वर्षी टोळीबरोबर गेली होती. त्यांचा तळ कडा गावाच्या अलीकडं पडला होता. नाताळही तिचा उसातच गेला. जानेवारीत तिचा फोन आला.

"आरं, हितं रविवार कवा आला आन् कवा गेला कळत न्हाई. येकदा ये की. येकच उपासना, पन पुरी. सुरवातीपासून आशीर्वादापर्यंत."

मी हो म्हणालो आणि तीन रविवार ढकलले. आमच्या पाळकांकडं चार गावं आहेत, त्यांना जमणार नव्हतं. म्हणजे वचन, प्रार्थना, गाणी, सगळं माझ्याच गळ्यात. शेवटी चौथ्या रविवारी सकाळची उपासना उरकली, दोन एसट्या बदलल्या आणि टोळीच्या कोप्यांपाशी, त्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

आक्कानं आमच्या मंडळीतली सात घरं गोळा केली होती. सगळे वाळल्या पाचटावर बसलेले, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. उसाची गाडी यायला अजून तासभर होता. ती आली की भरायला जायचं, तोवरचा वेळ आपला, असं आक्कानं सांगितलं.

मी खंजिरी काढली, डोळे मिटले आणि सवयीनं म्हणालो, "आता सगळ्यांनी उभं राहू या."

डोळे उघडले तर एकही जण हलला नव्हता.

मी पुन्हा म्हणालो. दोघेजण गुडघ्यांवर हात रेटत कसेबसे उठले, बाकीचे तसेच. प्रवासानं अंग आंबलेलं होतं, माझं डोकंच फिरलं. मग मी सुरूच झालो. मी एवढ्या लांबून येतो आणि देवासाठी तुम्हाला घटकाभर उभं राहवत नाही? टाळ्या नाहीत, आवाज नाही, ही काय भक्ती झाली? चर्चमध्ये वाचतो तो सगळा पाढा मी तिथंही वाचला. सगळ्यांच्या माना खाली.

बोलली ती आक्काच. "भाऊ, रातच्या तीनपासून पायावर हावोत. आत्ता कुठं टेकलोत. आपल्या देवाला बसलेली मानसं चालत न्हाईत का?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मला स्वतःला तर पडलाच नव्हता. मी आठवडाभर मशीनवर बसून असतो, रविवारी उभं राहिलं की मला बरं वाटतं. यांच्या पायांचा विचार मी कधी केला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी खाली बसलो. "बसूनच म्हणू," एवढंच बोललो आणि एक संथ गाणं धरलं. बसल्यावर माझा आवाज खालीच राहतो, पण त्यांना तो सोसला असावा. चार-पाच आवाज हळूहळू येऊन मिळाले. एकाची मान कलंडली. चर्चमध्ये असतो तर मी त्याला हाक मारून उठवला असता. आक्का डोळे मिटून गात होती. तिचा चेहरा सैल झाला होता. किती दिवसांनी मला गाताना बरं वाटलं.

तेवढ्यात बांधाकडून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. गाडी वेळेआधीच आली होती. मुकादमानं एक हाक मारली आणि सगळे झटक्यात उभे राहिले, झोपलेलाही. आक्कानं चुंबळ उचलली.

"आमेन म्हन बाबा, जातो आमी."

"आक्का, एवढं कडवं तरी होऊ दे."

"गाडी थांबंल व्हय?"

मी आमेन म्हणालो. ती वळून न बघता गेली. वचन राहिलं, प्रार्थना राहिली, आशीर्वाद राहिला. अख्ख्या हंगामात तिनं एक पुरी उपासना मागितली होती, आणि तिच्यातली पहिली दहा मिनिटं मी तिला रागावण्यात घालवली होती.